मदत हवी आहे: दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांचा वर्ग ‘यशस्वी’ झाला हे मोजायचं कसं?

नमस्कार मंडळी. मी नाशिकची, एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) दुसऱ्या वर्षाला आहे. ड्रंक अँड ड्राइव्हमध्ये सापडलेल्यांसाठी सातपूरची एक छोटी संस्था चार रविवार वर्ग घेते. अपघाताच्या क्लिपा, डॉक्टरांचं व्याख्यान, शेवटी शपथ. (चहा मात्र फक्कड असतो.) आता देणगीदार विचारतायत, वर्गानंतर पुन्हा किती सापडले? संस्था म्हणते, "जवळपास कोणीच नाही!" अहवाल मला लिहायचाय आणि तिथेच हात अडतोय.

एक तर येतात ते स्वखुशीने. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली पहिल्या वेळचा १० हजार दंड भरून मोकळे झालेले बहुतेक इकडे फिरकतही नाहीत. मग गुण वर्गाचा की आधीच धसका घेतलेल्या माणसांचा?

दुसरं, सापडला नाही म्हणजे प्यायला नाही असं थोडंच आहे? थर्टी फर्स्टला गंगापूर रोडला नाकाबंदी, पण आषाढात मंगळवारी कोण फुंकायला लावतंय? माझे एक काका वर्षानुवर्षं पिऊन स्कूटर चालवत आले, एकदाही सापडले नाहीत. आमच्या हिशेबात ते सुधारलेलेच!

वाचलं थोडंफार. १९९५ मध्ये अमेरिकेत अशा उपक्रमांच्या २१५ मूल्यमापनांचा एकत्र आढावा घेतला, तर पुन्हा गुन्हा करण्यातली घट जेमतेम ७ ते ९ टक्के निघाली. फुंकल्यावर श्वासात दारू सापडली तर गाडी सुरूच होऊ न देणारं यंत्र बसवलेलं असेपर्यंत चांगलं काम करतं, काढलं की परिणाम ओसरतो. आणि आमचे चार रविवार म्हणे जवळपास शंभर टक्के!

तुलनेसाठी माणसं आणू कुठून?

प्रतिसाद १: नावं जागांपेक्षा जास्त येतात का? येत असतील तर चिठ्ठ्या टाका. निम्मे या तुकडीत, निम्मे सहा महिन्यांनी. दोन्हीकडे स्वखुशीनेच आलेले, म्हणजे तुमची पहिली अडचण मिटली. पोलिसांच्या नोंदीवरच विसंबू नका, गेल्या महिन्यात किती वेळा पिऊन गाडी काढली ते दोन्ही गटांना विचारा. विचारणारा संस्थेचा नको, नाहीतर सगळे संत निघतील. आणि मधेच सोडून गेलेले कुठे धरलेत?

धागाकर्ती: चिठ्ठ्यांचं पटलं, पुढच्या तुकडीपासून करता येईल. सोडून गेलेल्यांचं आत्ता रजिस्टर उघडून बघितलं. पहिल्या रविवारनंतर न आलेल्यांची नावं यादीतून सरळ खोडलीत.