पेटीवर पट्टी बदलली की म बेसूर, मदत हवी आहे

नवा_पेटीवाला: सहा महिने पेटी शिकतोय. सारेगम डोळे मिटून येतं. आता भजनी मंडळात साथीला बसायला लागलो, तर तेच सारेगम तिथे म पाशी खटकतं. मावशी गाता गाता वळून बघतात. गुरुवारी भजन आहे, लवकर सांगा प्लीज.

कोमल_नि: पट्टी कोणती, म्हणजे सा कुठून धरता? ते न सांगता काय सांगणार!

जुना_भाता: सूर उतरले असणार. पावसाळ्यात माझ्या पेटीचं असंच व्हायचं. ट्यूनिंग करून घ्या.

नवा_पेटीवाला: पेटी नवी आहे हो. घरी मस्त वाजते.

तानपुरा_प्रेमी: मुळात पेटीचा गंधारच (ग) चढा. तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा जवळजवळ १४ सेंट वर (लागून असलेल्या दोन स्वरांत १०० सेंट). आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली ती काय उगाच?

जुना_भाता: पुढे उठलीही की ती. आणि प्रश्न म चा आहे, ग चा नाही.

कोमल_नि: अहो, घरी पट्टी कोणती आणि मंडळात कोणती?

नवा_पेटीवाला: घरी पांढरी एक, म्हणजे सप्तकातली पहिली पांढरी पट्टी. मावशींना पांढरी चार लागते. मी चारपासून सरळ पांढऱ्या पट्ट्या दाबत जातो, त्यात काय चुकलं?

कोमल_नि: सापडलं! तुम्ही बिलावल (सगळे शुद्ध स्वर) समजून कल्याण थाट (तीव्र म) वाजवताय. शुद्ध स्वरांत ग-म आणि नि-सा एवढेच लागून असतात, बाकी प्रत्येक ठिकाणी मधली एक पट्टी सुटते. पांढरी एकपासून हे आपोआप जुळतं, कारण तीन-चारच्या मध्ये आणि सात-एकच्या मध्ये काळी पट्टीच नाही. चारपासून सा चार, रे पाच, ग सहा आणि म काळी पाच, म्हणजे सहा-सातच्या मधली काळी. तुमचं बोट पांढरी सातवर पडतं, तो तीव्र म, शुद्ध म पेक्षा एक पट्टी वर. बाकी सगळे स्वर पांढऱ्यांवरच.

कीबोर्डकर: एवढा खटाटोप कशाला? कीबोर्ड घ्या, ट्रान्सपोज (सगळे सूर वर-खाली सरकवायचं बटण) पाच वर करा, बोटं पांढरी एकचीच ठेवा. मेजर स्केल (तुमचा बिलावल) हवी तिथून.

जुना_भाता: म्हणजे शिकूच नका! मावशींनी आयत्या वेळी पट्टी उतरवली तर भजन थांबवून बटण शोधायचं?

कीबोर्डकर: दोन सेकंदांचं काम आहे.

जुना_भाता: दोन सेकंदांत टाळकरी पुढच्या कडव्याला पोचतात. पेटीवाले, बोटांचं बघा: सा वर अंगठा, काळी पाचवर अनामिका, मग अंगठा खालून सरकवून प वर. अंगठा काळीवर नेऊ नका, हात अडकतो.

नवा_पेटीवाला: लागला म! पण सवयीने बोट सातवरच धावतंय.

कोमल_नि: मग आत्ता पूर्ण आरोह नकोच. नुसतं गमप, पमग. सावकाश, तोंडाने म्हणत. बोट न बघता काळीवर पडायला लागलं की सारेग, रेगम, गमप असे पलटे.

तानपुरा_प्रेमी: आणि गंधाराचं काय?