निबंधाच्या तासाला फोटो कशाला?

बाळीवेसकर : एफवायच्या वर्गाला मराठी निबंध शिकवते. 'सोलापूरच्या गिरण्या' विषय दिला की वहीवहीत तेच पहिलं वाक्य : 'मानवी जीवनात उद्योगाला अनन्यसाधारण महत्त्व आहे.' सरळ गाइडातलं. यंदा विषय सांगितलाच नाही. बंद गिरणीचा जुना फोटो भिंतीवर टाकला. पाच मिनिटं फक्त दिसतंय तेवढं लिहायचं, विशेषणं बंद. मग दिसत नाही पण माहीत आहे, ते. मग जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर चौकटी आणि कशातून काय झालं त्याचे बाण. निबंध सगळ्यात शेवटी. 'अनन्यसाधारण' एकाही वहीत आलं नाही! एकीनं तर 'भोंगा आता वाजत नाही' इथून सुरुवात केली. कुणाला पटत नसेल तर बोला.

निवृत्त_खडू : नाही पटत, बाई. हे चित्रवर्णन झालं, आम्ही पाचवीत करून घ्यायचो. पदवीच्या निबंधात बाजू मांडायची असते. गिरणी कारभारामुळे बुडाली की जुन्या यंत्रांमुळे, हे फोटोत कुठं दिसतं? चिमणी दिसते, ती काही बाजू घेत नाही. आणि परीक्षेत फोटो कोण देणार?

सातरस्ता : सर, अ‍ॅलन पायव्हिओ या मानसशास्त्रज्ञानं १९७१ साली मांडलंय की शब्द आणि प्रतिमा मेंदू दोन वाटांनी साठवतो. दोन्ही वाटांनी आलेलं जास्त पक्कं बसतं.

निवृत्त_खडू : ते लक्षात राहण्याबद्दल. युक्तिवाद करण्याबद्दल नाही.

जेकॉर्डवाला : मी मास्तर नाही, आमचे माग आहेत. चादरीची नक्षी आधी ग्राफपेपरवर काढतात, एकेक चौकोन रंगवून. त्यावरून मागावर चढवायच्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडतात. एक पत्ता म्हणजे आडव्या धाग्याची एक फेक. ग्राफ चुकला की चूक चादरभर दिसते. बाईंच्या चौकटी तेच करतायत.

निवृत्त_खडू : ग्राफ पांघरून झोप येते का हो?

अशोकचौक_तेलुगू : मी एसवायला आहे, दुसऱ्या कॉलेजात. घरी तेलुगू, त्यामुळे मराठी वाक्य आधी मनात जुळवावं लागतं. 'स्त्री आणि श्रम' म्हटलं की डोकं कोरं. मग वर्गात फोटो दाखवला, मांडीवर सूप घेऊन विड्या वळणारी बाई. आज्जीच आठवली. पान, तंबाखू, दोरा, सगळे शब्द हाताशी. दोन पानं भरली. पण खरं सांगते, मार्क कमीच पडले. शेरा होता, 'मुद्दा कुठे आहे?'

निवृत्त_खडू : घ्या!

बाळीवेसकर : हा शेरा मलाही लागू आहे, मान्य. आमच्याकडेही पहिल्या खेपेला वर्णनंच आली होती. बाण काढले, पण नुसता बाण मुका असतो, तो 'म्हणून' आहे की 'तरीही', कळत नाही. आता प्रत्येक बाणावर शब्द लिहायचा, असा नियम केलाय. 'कारण'चे बाण भराभर निघाले. 'पण'चा एकालाही सुचेना, अर्धा तास गेला त्यात. शेवटी एक मुलगा म्हणाला, गिरण्या गेल्या पण माग राहिले. तिथून वर्गात भांडण सुरू झालं, आणि मला तेच हवं होतं.

निवृत्त_खडू : म्हणजे शिकवलं 'पण'नं, फोटोनं नाही. तो 'पण' मी फळ्यावर खडूनंही शिकवतो.

बाळीवेसकर : सहा वर्षं मीही फळ्यावरच शिकवला, सर. वहीत उतरला नाही.

निवृत्त_खडू : तो फोटो इथं टाका. मी बिनबाणाचा निबंध लिहून दाखवतो, तुमच्या पोरांच्या वह्याही शेजारी ठेवा.