मदत हवी आहे: 'अँफिबियस'ला मराठीत काय म्हणायचं? (तातडीचं)

धरमपेठी: शब्दकोशात 'उभयचर' सापडला, पण मित्र म्हणतो तो फक्त बेडकाला चालतो. खरं आहे का? शब्द कुठून आला हेही दोन ओळींत हवंय. उद्या सकाळी फलक छपाईला जातोय, लवकर सांगा.

संत्रानगरी: फलक कशाचा भाऊ? प्राण्यांचा, विमानाचा, का फौजेचा?

पाणथळ: उभयचर म्हणजे बेडूक, सॅलॅमँडर, देवगांडूळ. मगर आणि कासव नाहीत, ते सरपटणारे. प्रदर्शनांत ही चूक नेहमी दिसते म्हणून आधीच सांगतो.

जुनी_शुक्रवारी: सजीवांचं वर्गीकरण करणाऱ्या लिनियसने १७५८ मध्ये सापसुद्धा 'अँफिबिया'तच घातले होते.

पाणथळ: ते वर्गीकरण केव्हाच मोडीत निघालं. मुलांना आजचं शिकवा.

धरमपेठी: मगरीचं कोणी विचारलं? गाडी आहे! रस्त्यावरही चालते, पाण्यातही. २३ सप्टेंबर २०२३ ला नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडून वस्त्यांत पाणी शिरलं, तेव्हापासून डोक्यात होतं. आता कॉलेजात मॉडेल तयार आहे.

संत्रानगरी: हे आधी सांगायचं ना बाप्पा! त्या रात्री आमच्या घरात कमरेइतकं पाणी होतं. गाड्या मागाहून बनवा, पहिले नाग नदीचं पात्र मोकळं करायला पाहिजे.

सक्करदरा_चौक: 'जलस्थलगामी' लिहा. बेडूक आठवणारच नाही.

व्याकरणवेडी: नको, फलकावर अडखळायला होईल. 'उभयचर'च लिहा. उभय म्हणजे दोन्ही, शाळेतलं 'उभयान्वयी अव्यय' आठवा. चर म्हणजे फिरणारा: जलचर, भूचर, निशाचर. मूळ ग्रीक शब्दात 'अँफि' म्हणजे दोन्हीकडे आणि 'बिऑस' म्हणजे जीवन. हा 'बिऑस' आणि आपला 'जीव' एकाच मुळातून आलेत. आता मित्राला विचारा, गाडीला जीवन असतं का? तरी इंग्रजीत तो शब्द गाडीला लागतोच. आपल्या शब्दात जगणं नाही, फिरणं आहे. म्हणजे गाडीला तो जास्तच शोभतो.

पाणथळ: व्युत्पत्ती मान्य. पण नुसतं 'उभयचर' लिहिलं तर लोक बेडूकच शोधतील. पुढे 'वाहन' जोडा.

सक्करदरा_चौक: मला अजूनही जलस्थलगामीच आवडतं.

धरमपेठी: 'उभयचर वाहन' पक्कं. व्याकरणवेडी ताई, बिऑस आणि जीवचं तसंच फलकावर घेऊ का? सर विचारतील, म्हणून मधली पायरीही सांगा ना.