डिसेंबरात एकटीने युरोप, 700 पौंडांत: जमेल का?

12 ऑक्टोबर, लीड्सहून

नमस्कार मंडळी,

आपल्या मंडळाच्या गणपतीत शेवटच्या पंगतीला वाढायला होते, ती नागपूरची मुलगी मीच. लीड्सला एम.एस्सी. करतेय. 22 डिसेंबर ते 7 जानेवारी सुट्टी आहे, घरातल्या बाकीच्या मुली आपापल्या गावी चालल्यात आणि भारताचं तिकीट ऐन नाताळात काही परवडत नाही. त्या रिकाम्या घरात बसण्यापेक्षा फिरून यावं म्हणतेय. एकटीच.

क्राकोव्ह 3 रात्री, प्राग 4, व्हिएन्ना 4 (31 तारीख तिथेच), बुडापेस्ट 5. विमान आणि व्हिसा सोडून हातात 700 पौंड. हॉस्टेलमध्ये राहणार, पाठीवर एकच सॅक. शाकाहारी आहे, अंडं चालतं. थंडीचं विचाराल तर नागपूरच्या जानेवारीत शेतावर हुरडा खाल्लेला आहे, तेवढ्या अनुभवावर निघालेय.

विचारायचं ते असं. आधी पोलंडमध्ये उतरणार, म्हणून व्हिसा पोलंडचाच काढायचा ना? रात्रीच्या बसने गेलं तर हॉस्टेलचे पैसे वाचतील का? आणि आईला कसं सांगू?

12 ऑक्टोबर, स्लाऊहून

बाळ, काका म्हणून सांगतो. डिसेंबरात तिकडे बघण्यासारखं काय असतं? धुकं, चिखल आणि बंद दुकानं. एप्रिलपर्यंत थांब. आम्ही दोघं मागच्या वर्षी ग्रुपबरोबर गेलो होतो, बसमध्ये गरम पोहे होते आणि रोज रात्री वरणभात. एकट्या मुलीने परक्या देशात अंधारात स्टेशनं शोधत फिरावं हे काही मला पटत नाही. राग मानू नकोस.

13 ऑक्टोबर, मँचेस्टरहून

काका, एप्रिलमध्ये तिची परीक्षा असेल हो!

तू जा बिनधास्त. मी विद्यार्थी असताना जुलैत महिनाभर फिरलो होतो. इंटररेलचा, म्हणजे युरोपभरच्या रेल्वेचा, पास घे, 27 वर्षांपर्यंत सवलत आहे. आपण इंग्लंडात राहतो म्हणून आपल्याला इंटररेल. भारतातून येणाऱ्यांना युरेल. आणि रात्रीची बस घेच. झोपायचं प्राग सोडून, उठायचं बुडापेस्टात, एका रात्रीचं भाडं खिशात. मी सहा रात्री अशा काढल्या.

14 ऑक्टोबर, ग्लासगोहून

प्रिय नागपूरकर,

मी दोन वर्षांपूर्वी, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, जवळपास याच रस्त्याने जानेवारीत एकटी फिरून आले. मुलगा युनिव्हर्सिटीत, नवरा कामावर, आणि मला पंधरा दिवस कोणासाठी पोळ्या लाटायच्या नव्हत्या. त्यामुळे थोडं लांबलचक लिहितेय, चहा घेऊन बस.

आधी व्हिसा. या चारही देशांना एकच शेंगेन व्हिसा चालतो. कोणाकडे मागायचा ते उतरायचं कुठे यावर ठरत नाही, जास्त रात्री कुठे यावर ठरतं. तुझ्या बेतात हंगेरीच्या 5 रात्री आहेत, म्हणजे अर्ज हंगेरीकडे. सगळीकडे सारखेच दिवस असतील तरच पहिला देश. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात, निदान 15 दिवस आधी द्यावा लागतो, आणि नाताळच्या तोंडावर भेटीची वेळच मिळत नाही. तेव्हा हा मेल वाचून झाला की पहिलं काम ते. फी 90 युरो, आणि किमान 30,000 युरोंचा प्रवासी विमा लागतो.

आता थंडी. तिला घाबरू नकोस, तिच्यावर कपडे आहेत. अंगालगत थर्मल, वर फ्लीस, त्यावर वारा अडवणारं जाकीट. जीन्स शक्यतो नको, भिजली की दोन दिवस वाळत नाही. सुती मोजे नकोत, पाय घामेजतात आणि मग गारठतात. बूट ओले झाले तर रात्री आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेव. मोबाइल आतल्या खिशात, अंगाला लागून. बाहेर काढला की 40 टक्के बॅटरी बघता बघता शून्यावर येते आणि नेमका तेव्हाच नकाशा हवा असतो. विमानात चढताना सगळ्यात जड ते अंगावर घाल. स्वस्त तिकिटात सीटखाली मावेल तेवढीच पिशवी फुकट असते.

खर्च होतो तो अंधाराचा. हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. डिसेंबर अखेरीस क्राकोव्हला पावणेचारच्या सुमाराला सूर्य मावळतो, प्राग आणि बुडापेस्टला चारला. तू म्हणशील, लीड्सलाही तेच. पण लीड्सला तुझी खोली आहे, तुझी रजई आहे. तिथे चार ते दहा हे सहा तास तुला रोज कुठेतरी छपराखाली काढायचेत, आणि युरोपात छप्पर म्हणजे पैसे. एक कॉफी, मग अंगात ऊब आली म्हणून सूप, मग पाय दुखतात म्हणून टॅक्सी. पहिल्या तीन दिवसांत माझे जे पैसे उडाले ते सगळे दुपारी चारनंतर उडाले.

म्हणून हॉस्टेल निवडताना चार पौंड जास्त गेले तरी चालतील, पण स्वयंपाकघर आणि बसायची खोली असलेलंच घे. मुलींची वेगळी डॉर्म असते, ती घे. स्वतःचं कुलूप ने, लॉकर असतो पण कुलूप नसतं. सकाळी आठला बाहेर पड, उजेड आहे तोवर चालून घे, आणि आत बसायच्या गोष्टी संध्याकाळसाठी राखून ठेव. व्हिएन्नाची कॉफीहाउसं यासाठीच आहेत: एक कॉफी मागव, सोबत पाण्याचा ग्लास येतो, आणि दोन तास कोणी उठ म्हणत नाही. तिथल्या सरकारी ऑपेरात उभ्याची तिकिटं मिळतात, बसायच्या तिकिटाच्या मानाने अगदीच थोड्या पैशांत. कोट बाहेर ठेवायला लावतात, पण मफलर आत ने. आपल्या जागेच्या कठड्याला तो बांधून ठेवला की जागा तुझी. मग खुशाल फिरून ये, कोणी हात लावत नाही. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकणाऱ्या आपल्या माणसांना हे निराळं शिकवायला नको.

आणखी एक, पैशांशी संबंध नसलेलं. व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियममध्ये ब्रॉयगलचं 1565 सालचं चित्र आहे, बर्फातून गावाकडे परतणारे शिकारी आणि त्यांचे थकलेले कुत्रे. बाहेर त्या दिवशी नुसता भुरभुर पाऊस होता. खरा हिवाळा मला त्या चित्रासमोर भेटला. समोर बाक आहे का आठवत नाही, मी उभीच होते.

मँचेस्टरच्या भावजींचं रात्रीच्या बसचं गणित जुलैचं आहे. जुलैत पहाटे पाचला उजाडलेलं असतं, बागेत पाय पसरता येतात. डिसेंबरात पाचला उतरशील तेव्हा आठपर्यंत अंधार, दुकानं बंद, हॉस्टेलची खाट दुपारी तीनला. वाचलेले पैसे स्टेशनवरच्या कॉफीत जातात आणि वर दिवसभर डोळे मिटतात. एकटीने तर नकोच. पासचंही तसंच. फ्रान्स-इटलीत जायचं असतं तर विचार केला असता (तिथेही वेगवान गाड्यांना आरक्षणाचे वेगळे पैसे पडतात). तुझ्या चार टप्प्यांना सुटी तिकिटं आधी काढलीस तर पासपेक्षा स्वस्त पडतील.

आता तारखा. 31 ला व्हिएन्ना नको. त्या रात्री प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट तिन्हीकडे खाटेचे भाव चढलेले असतात. प्राग-व्हिएन्ना रेल्वेच्या मधोमध ब्रनो आहे, चेक प्रजासत्ताकातलं दुसऱ्या क्रमांकाचं शहर. विद्यार्थ्यांचं गाव, भाव बेताचे. तिथे नवीन वर्ष काढ. आणि स्वस्त ठिकाणी जास्त दिवस ठेव: क्राकोव्ह 6, प्राग 2, ब्रनो 2, व्हिएन्ना 3, बुडापेस्ट 3. झाल्या 16 रात्री, आणि व्हिसाही पोलंडचाच झाला, तुझ्या मनासारखा. नाताळचा बाजार चुकेल म्हणून हळहळू नकोस. व्हिएन्नाच्या टाऊन हॉलसमोरचा 26 लाच उठतो, पण प्रागच्या जुन्या चौकातला 6 जानेवारीपर्यंत असतो.

24 पासून 26 पर्यंत सगळं बंद धर. 23 लाच ब्रेड, अंडी, फळं भरून ठेव. ऑस्ट्रियात रविवारीही दुकानं बंद असतात, मोठ्या स्टेशनातली तेवढी उघडी.

एटीएम विचारेल, पौंडांत हिशेब करू का? नाही म्हण. झ्लॉटी, क्राऊन, फोरिंट, जे असेल त्यातच घे. आणि ट्राममध्ये कागदी तिकीट काढलंस तर यंत्रात घालून शिक्का मार. एका शहरात मी तिकीट हातात घेऊन उभी असताना दंड भरला. तपासनीस फार सभ्य होता, पावतीही दिली.

आईला सांगताना हॉस्टेलचे पत्ते आणि गाड्यांच्या वेळा एका कागदावर लिहून आधी पाठव, फोन नंतर कर. मी माझ्या सासूबाईंना तसंच सांगितलं होतं.

14 ऑक्टोबर, मँचेस्टरहून

ताई, भावजी म्हणालात तिथेच मी हरलो. पहाटे पाचचा मुद्दा मान्य.

15 ऑक्टोबर, कार्यकारिणी

संक्रांतीच्या हळदीकुंकवासाठी हॉलच्या किल्ल्या नक्की कोणाकडे आहेत? दिवाळीनंतर परत आल्या पाहिजेत. (हा मेल या विषयात चुकून गेला, क्षमस्व. पण किल्ल्यांचं सांगा.)

15 ऑक्टोबर, बर्मिंगहॅमहून

अगं, खाण्याचं कोणी बोललंच नाही! मेतकूट ने, भाजलेले पोहे ने, लसणाची चटणी नीट बांधून ने. गरम पाण्यात मेतकूट-भात काय लागतो थंडीत! मात्र तुपाची बरणी इथून घेऊ नकोस. ब्रेक्झिटपासून ब्रिटनमधून तिकडे दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतील. पेढेही त्यातच आले.

क्राकोव्हला 'बार म्लेच्नी' म्हणून खाणावळी असतात, म्हणजे दूध-बार. कम्युनिस्ट राजवटीपासूनच्या, अजून सरकारी मदतीवर चालतात, स्वस्त आणि घरगुती. तिथे 'पिएरोगी रुस्किए' माग. बटाटा आणि पनीरसारखं चीज भरलेल्या उकडलेल्या करंज्याच त्या. पण 'बेझ स्क्वारेक' म्हणायला विसरू नकोस, नाहीतर वर डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे भुरभुरून आणतात. आमच्या ह्यांनी अर्धी बशी संपवल्यावर विचारलं, हा कांदा एवढा चविष्ट कसा? मी काही बोलले नाही. बुडापेस्टला लांगोश खा, भटुऱ्याचा मोठा भाऊ आहे, वर लसूण आणि आंबट साय.

16 ऑक्टोबर, रीडिंगहून

पोरी, सहा दिवस क्राकोव्हला आहेस तर एक दिवस वॉर्सा कर. रेल्वेने अडीच तास. तिथे माँटे कॅसिनोच्या युद्धस्मारकाजवळ कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. थट्टा नाही. दुसऱ्या महायुद्धात रशियाने सैबेरियाकडे हाकललेली पोलिश कुटुंबं इराणमार्गे हिंदुस्थानात आली, त्यातली पाच हजारांच्या आसपास माणसं, बायका आणि पोरंच जास्त, 1943 ते 1948 कोल्हापूरजवळ आमच्या वळिवड्याच्या छावणीत राहिली. शाळा होती, चर्च होतं. माझे आजोबा सांगायचे, गोरी पोरं बाजारात मराठीत घासाघीस करायची. त्या पोरांनी म्हातारपणी ते स्मारक उभं केलंय. मला जमलं नाही अजून. तू गेलीस तर फोटो पाठव.

17 ऑक्टोबर, स्लाऊहून

ताईंचा मेल सौ.ने मोठ्याने वाचून दाखवला. जा बाळ. रोज रात्री ग्रुपवर दोन शब्द टाक एवढंच. 112 हा नंबर तिकडे सगळ्या देशांत चालतो, पाठ कर.

28 डिसेंबर, प्रागच्या गाडीतून

मंडळी,

क्राकोव्ह झालं. 700 पैकी 191 खर्च झाले, त्यातले 12 एका हातमोज्याचे. ते पुढे सांगते.

23 ला ऑशविट्झला, नाझींची छळछावणी होती तिथे, गेले. प्रवेश फुकट, पण नावाने आधी नोंदवावा लागतो आणि डिसेंबरात दुपारी दोनपर्यंतच आत सोडतात, म्हणून पहाटेची बस धरली. छावणीच्या बिर्केनाउ भागात नुसतं मोकळं मैदान आणि वारा. तीन थर घालून माझे दात वाजत होते. त्याबद्दल आत्ता जास्त लिहिता येत नाहीये.

24 ला अंडी-ब्रेड भरून तयार होते. संध्याकाळी हॉस्टेलच्या काउंटरवरच्या आजींनी हाताला धरून आत नेलं. त्यांच्याकडे त्या रात्री अचानक येणाऱ्या पाहुण्यासाठी एक ताट जास्तीचं मांडतात. पहिली चांदणी दिसली की जेवायला बसायचं, आणि त्या जेवणात मटण-चिकन नसतं! बिटाचं सूप, त्यात मशरूमच्या चिमुकल्या करंज्या. मासा मी पुढे सरकवला. मेतकूट त्यांना दिलं, त्यांनी ते सुपात घातलं. चांगलं लागलं, काकू.

रीडिंगच्या काका, काल वॉर्साला गेले. स्मारकावर बर्फ साचला होता, अक्षरं दिसेनात. हातमोज्याने पुसलं. खाली 'कोल्हापूर' दिसलं तेव्हा बाजूने चाललेल्या एका आजोबांनी विचारलं, तू तिथली का? मी म्हटलं, नाही, नागपूरची, पण जवळच. (माफ करा.) फोटो सोबत जोडलाय. हातमोजा परतीच्या गाडीत हीटरवर वाळत ठेवला आणि तिथेच विसरले.

ताई, आता पावणेचार वाजलेत, खिडकीबाहेर काही दिसत नाही. तुमचा मेल पुन्हा वाचतेय. ब्रनोची खाट 14 पौंडांना मिळाली.