दहा हजारांत एकच लेन्स: ५० एमएम प्राइम की टेलिझूम?

गोदाकाठ:
क्रॉप सेन्सरचा (लहान आकाराच्या सेन्सरचा) जुना डीएसएलआर कॅमेरा आणि त्यासोबत आलेली १८-५५ एमएमची किट लेन्स हाताशी आहे, दुसऱ्या लेन्ससाठी दहा हजारांच्या आसपास रक्कम बाजूला काढलेली आहे, अशी स्थिती आपल्यापैकी अनेकांची असते. या रकमेत ५० एमएम एफ १.८ प्राइम (झूम न होणारी, एकाच पल्ल्याची लेन्स) किंवा वापरलेली ५५-२५० टेलिझूम (दूरचे जवळ आणणारी झूम लेन्स) यांपैकी एकच पदरात पडते. प्राइम घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. नाशिकच्या रामकुंडावर संध्याकाळच्या आरतीला किट लेन्स ५५ वर नेली, की ॲपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणारे छिद्र, एफ ५.६ पेक्षा अधिक उघडत नाही (एफचा आकडा लहान, तितके छिद्र मोठे). आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) ३२०० ठेवूनही शटर १/२५ सेकंदाच्या आसपास अडकला, तर आरती ओवाळणारा हात फोटोत पुसटच येणार. एफ १.८ वर जवळजवळ दहापट प्रकाश आत येतो आणि तोच शटर १/२५० पर्यंत नेता येतो. स्टॅबिलायझर आपल्या हाताचा कंप शमवतो, पुजाऱ्याच्या हाताला तो थांबवू शकत नाही. ५५-२५० झूमही एफ ४ ते ५.६ चीच असल्यामुळे तिने पल्ला वाढेल, अंधाराचा प्रश्न मात्र जागच्या जागी राहील.

पाणपक्षी:
आपला हिशेब बरोबर आहे, पण तो एकाच प्रसंगावर बेतलेला आहे. क्रॉप सेन्सरवर ५० एमएमचा दृश्यकोन फुल फ्रेमवरील (मोठ्या सेन्सरवरील) ७५ ते ८० एमएमइतका अरुंद होतो. उभ्या माणसाचा पूर्णाकृती फोटो घ्यायला साधारण साडेचार मीटर मागे सरकावे लागते. आपल्याकडच्या दहा बाय बाराच्या हॉलमध्ये तेवढी जागा आणायची कोठून? शिवाय ५० एमएम तर किट लेन्समध्ये आधीपासूनच आहे, म्हणजे खर्च करून नवा पल्ला काहीच मिळत नाही. नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात निरीक्षण मनोऱ्यावरून ५० एमएमने टिपलेला चित्रबलाक म्हणजे पाण्यावरचा एक पांढरा ठिपका असतो. तेथे २५० एमएमही अपुरेच पडते, हे मान्य. परंतु निदान गुलाबी पिसे आणि पिवळी चोच ओळखता येते. २०१९ मध्ये रामसर यादीत (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत) गेलेले, महाराष्ट्रातले पहिले पाणथळ क्षेत्र निफाड तालुक्यात, म्हणजे आपल्या हाकेच्या अंतरावर असताना नाशिककराने टेलिझूम सोडावी, हे मला पटत नाही.

राहिला अंधाराचा मुद्दा. पांडवलेण्यांत अंधार असतो, पण तेथील खांब आणि शिलालेख हलत नाहीत. स्टॅबिलायझर असलेल्या किट लेन्सने १८ एमएमवर १/८ सेकंदाचा फोटोही नीट येतो. ५० एमएमच्या स्वस्त प्राइममध्ये ती सोय नसते.

गोदाकाठ:
लेण्यांच्या बाबतीत आपले म्हणणे मान्य आहे. तेथे मी स्वतःही किट लेन्सच लावेन. परंतु घरातले लहान मूल, ढोलपथकाचा सराव, लग्नातली हळद हे सारे हलणारे विषय आहेत आणि ते बहुधा ट्यूबलाइटच्या उजेडात घडतात. पक्षी पाहायला आपण हिवाळ्यातल्या काही रविवारी जातो. अंधार मात्र रोज संध्याकाळी होतो.

जुना_भिंगवाला:
दोघांनाही एक व्यावहारिक सूचना. निकॉनच्या डी३५०० किंवा डी५६०० अशा बॉडींत (लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यांत) फोकस मोटर नसते. त्यांवर जुनी ‘१.८डी’ ५० एमएम बसते, पण ऑटोफोकस चालत नाही. त्यासाठी लेन्समध्येच मोटर असलेली ‘एएफ-एस १.८जी’ पाहावी लागते. स्वस्त म्हणून ‘डी’ घेणारे पुढे हाताने फोकस करत बसतात, आणि एफ १.८ वर दीड मीटरवरच्या चेहऱ्याला फोकसची खोली (स्पष्ट दिसणाऱ्या भागाची जाडी) जेमतेम सहा सेंटीमीटर मिळते, तेव्हा नाक स्पष्ट आणि कान धूसर असे फोटो जमा होतात. हॉलमधल्या जागेच्या तक्रारीवर उपाय म्हणून निकॉनवाल्यांनी क्रॉप सेन्सरसाठीच्या ३५ एमएम एफ १.८ डीएक्सचा विचार करावा. कॅननवाल्यांना २४ एमएम एफ २.८ आहे, ती थोडी मंद (कमी प्रकाश घेणारी), पण वाइड आहे.

वापरलेली लेन्स घेताना मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने लावून पुढून पाहावे. आपल्याकडचा पावसाळा कपाटात बंद राहिलेल्या लेन्सला सोसत नाही. काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले, तर ती बुरशी असते. तेथे घासाघीस न करता लेन्स परत द्यावी.

पाणपक्षी:
३५ एमएमची सूचना चांगली आहे, पण तिने माझ्या आक्षेपाचा अर्धाच भाग सुटतो. रंगपंचमीला रहाडीच्या (रंगाच्या पाण्याच्या हौदाच्या) काठी, किंवा २०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्यात भर पावसाळ्यातल्या गर्दीत, लेन्स काढून दुसरी लावणे म्हणजे सेन्सरवर पाणी आणि धूळ घेणे. तेथे पाय पुढे-मागे करून प्राइमने चौकट जुळवावी, हा सल्ला पुस्तकात शोभतो. मागे हटायला पाऊलभर जागा नसते.

ज्यांचा निर्णय होत नसेल, त्यांनी आपल्या जुन्या फोटोंची माहिती संगणकावर उघडून फोकल लेंथ (फोटो किती एमएमवर काढला तो आकडा) तपासावी. निम्मे फोटो ५५ वर असतील, तर आपला हात झूमच मागत आहे, हे उघड आहे.

गोदाकाठ:
तपासावी जरूर, मात्र त्याच माहितीत शटर आणि आयएसओही लिहिलेले असतात. ५५ वरच्या त्या फोटोंपैकी किती १/३० च्या खाली आणि आयएसओ ३२०० च्या वर आहेत, तेही मोजावे. ते प्रमाण मोठे निघाले, तर २५० एमएमवर जाऊन हेच फोटो अधिक हललेले मिळतील. भर दुपारी ५५ वर काढलेले फोटो अधिक निघाले, तर झूम घेण्याला माझी हरकत नाही.