अंकोर वाटच्या पलीकडचा कंबोडिया: आई-वडिलांसह कोणती ठिकाणे निवडावीत?

येत्या जानेवारीत आई-वडिलांना घेऊन कंबोडियाला जाण्याचा विचार आहे. अंकोर वाट, बायोन आणि ता प्रोह्म ही मंदिरे पाहायचीच आहेत. परंतु वडिलांना मूर्तिकलेची विशेष आवड असल्याने केवळ अंकोरलगतच्या सिएम रीप शहरात मुक्काम करून परतणे आम्हाला अपुरे वाटते. हाताशी साधारण आठवडा आहे. दोघेही सत्तरीच्या आसपास असून सपाटीवर व्यवस्थित चालतात, मात्र उंच पायऱ्या आईला झेपत नाहीत. कमी परिचित ठिकाणांपैकी कोणती घ्यावीत, आणि थायलंडच्या सीमेजवळची प्रेआ विहिअर किंवा बांतेय छमार ही मंदिरे जमतील का, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

माझा आग्रह एवढाच, की थेट सिएम रीपला उतरू नका. राजधानी नॉम पेन्हला उतरून राष्ट्रीय महामार्ग ६ ने मोटारीने वर जावे, म्हणजे मंदिरे साधारणपणे ज्या क्रमाने बांधली गेली त्याच क्रमाने ती तुमच्यासमोर येतील, आणि अंकोर वाट ही कोठून तरी अचानक उगवलेली वास्तू न वाटता पाचशे वर्षांच्या परंपरेचे फळ म्हणून दिसेल.

निम्म्या वाटेवर कम्पोंग थोम हे गाव लागते. तेथे एक रात्र राहावे आणि सकाळी लवकर साम्बोर प्रेई कुक गाठावे. सातव्या शतकातील ईशानवर्मन राजाची ही राजधानी, ईशानपूर. २०१७ साली तिला जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला, तरीही गर्दी बेताचीच असते. येथील देवळे विटांची आहेत आणि त्यांपैकी काही चक्क अष्टकोनी आहेत. भिंतींवर विटांतच कोरलेले, जणू हवेत तरंगणारे प्रासाद दिसतात. एका देवळाला झाडाच्या मुळांनी असे वेढले आहे की आत शिरेपर्यंत ते देऊळ आहे हे कळत नाही. परिसर सपाट आणि झाडीने भरलेला असल्याने तुमच्या आईंना त्रास होणार नाही. ता प्रोह्मच्या मुळांपुढे लोक छायाचित्रासाठी रांग लावतात. मला विचाराल तर मी ही निवांत मुळे पसंत करीन.

पुढे सिएम रीपकडे जाताना कम्पोंग क्देई येथील प्राचीन पूल अवश्य पाहावा. तो जांभ्या दगडाचा असून कठड्यांच्या टोकांना फणा उभारलेले नाग आहेत. अर्धा तास पुरतो.

प्रतिसाद २

वरील मार्गाशी मी सहमत आहे, परंतु मूर्तींची आवड असेल तर कोह केर वगळू नये. चौथ्या जयवर्मनने इ. स. ९२८ च्या सुमारास अंकोरहून आपली राजधानी येथे हलवली आणि जेमतेम दोन दशकांत ती पुन्हा अंकोरला परतली. एवढ्या अल्पकाळात येथे सुमारे ३६ मीटर उंचीचा सात टप्प्यांचा पिरॅमिड उभा राहिला आणि ख्मेर (प्राचीन कंबोडियाच्या) शिल्पकारांनी मूर्तीला भिंतीपासून सोडवून मोकळ्या जागेत, प्रत्यक्ष हालचालीत उभे केले. प्रासात चेन या देवळात भीम आणि दुर्योधन यांचे गदायुद्ध आणि ते पाहणारा बलराम असा संपूर्ण प्रसंग सुट्या मूर्तींनी मांडला होता. यादवीच्या काळात या मूर्ती पायाशी तोडून चोरल्या गेल्या आणि पाऊले तेवढी चौथऱ्यांवर राहिली. त्या पाऊलांवरूनच पुढे ओळख पटली. न्यूयॉर्कच्या लिलावात आलेला दुर्योधन आणि कॅलिफोर्नियातील संग्रहालयात असलेला भीम २०१४ साली मायदेशी परतले. आता ते नॉम पेन्हच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत, आणि वाली-सुग्रीवाची झुंजही तेथेच आहे.

म्हणूनच येथे माझा थोडा मतभेद आहे. संग्रहालय प्रवासाच्या आरंभी न पाहता अखेरीस पाहावे, म्हणजे परतीचे विमानही नॉम पेन्हहूनच घ्यावे. आधी ती रिकामी जागा पाहिलेली असली, की बलराम नेमके काय पाहत आहे हे तुमच्या वडिलांना कोणी समजावून सांगावे लागणार नाही. कोह केर सिएम रीपहून एका दिवसात होते. मोटार पूर्ण दिवसासाठी ठरवावी. पिरॅमिडवर जाण्यासाठी लाकडी जिना आहे, पण आईंनी खालूनच पाहावे. भोवतालच्या लहान देवळांतील भली थोरली शिवलिंगे पाहण्यास चढावे लागत नाही. मळलेली वाट मात्र कोणीही सोडू नये, कारण कंबोडियाच्या ग्रामीण भागातून भूसुरुंग अद्याप पूर्णपणे हटलेले नाहीत.

धागाकर्ती

दोन्ही प्रतिसादांबद्दल आभार. गदायुद्धाचा भाग वडिलांना वाचून दाखवला आणि कोह केर तत्काळ निश्चित झाले. सीमेलगतच्या दोन ठिकाणांचा प्रश्न मात्र उरतो. तसेच आम्ही शाकाहारी आहोत.

प्रतिसाद १

प्रेआ विहिअरच्या मालकीबद्दल आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९६२ साली कंबोडियाच्या बाजूने निकाल दिला असला तरी थायलंडबरोबरचा सीमावाद शमलेला नाही, आणि जुलै २०२५ मध्ये त्या पट्ट्यात प्रत्यक्ष लढाई झाली. बांतेय छमारही सीमेपासून फार दूर नाही. तेथील अनेक हातांच्या अवलोकितेश्वराची (करुणेच्या बोधिसत्त्वाची) शिल्पे अप्रतिम आहेत, हे मान्य करूनही वृद्ध आई-वडिलांसह या वेळी दोन्ही टाळावीत असेच मी म्हणेन. त्याऐवजी बांतेय स्रेई निवांतपणे पाहा. इ. स. ९६७ मधील हे लहानसे देऊळ गुलाबी वालुकाश्मात इतके बारीक कोरलेले आहे की तेथे घाई करणे अन्यायाचे ठरेल. पायऱ्यांचा प्रश्नही नाही.

जेवणाबाबत, मासळीचा रस आणि प्राहोक नावाची आंबवलेली मासळी भाजीतही पडते, त्यामुळे केवळ 'मांस नको' असे सांगून भागत नाही. मासळीचाही स्पष्ट उल्लेख करावा. सिएम रीपमध्ये भारतीय उपाहारगृहे आहेत, पण कम्पोंग थोमच्या मुक्कामासाठी दशम्या किंवा थेपले बरोबर ठेवावेत. डॉलर सर्वत्र चालतात; मात्र फाटकी किंवा डाग पडलेली नोट कोणी घेत नाही, तेव्हा नोटा येथूनच तपासून न्याव्यात.