मदत हवी आहे: भाऊ टांझानियात मिशनवर गेलाय, स्वाहिली शिकताना अडकलाय

नमस्कार मंडळी,

मी वसईची. माझा धाकटा भाऊ एका मिशनरी संस्थेत आहे. वय २४, अजून फादर नाही, ब्रदर. सेमिनरीतली (फादर होण्याच्या शिक्षणाची शाळा) फिलॉसॉफीची वर्षं संपली आणि संस्थेने त्याला पुढच्या प्रशिक्षणासाठी टांझानियाला धाडलं. आधी व्हिक्टोरिया सरोवराजवळच्या एका भाषाशाळेत स्वाहिली, मग तिथल्याच पॅरिशमध्ये (एका चर्चच्या हद्दीत) काम, आणि मग परत येऊन थिऑलॉजी (धर्मशास्त्र).

भाषेची आम्हाला काळजीच नव्हती. घरी कादोडी (आमची वसईची बोली), शाळेत मराठी, सेमिनरीत इंग्रजी, हिंदी तर येतेच. पाठांतर म्हणाल तर शाळेत त्याच्या तोडीचं कुणी नव्हतं. आता मात्र फोनवर आवाज उतरलेला असतो. "बरं चाललंय" यापलीकडे काही सांगत नाही. जे कळलं ते खोदून खोदून विचारल्यावर.

सकाळी मिस्सा (चर्चमधली उपासना), नाश्ता, मग जेवणापर्यंत वर्ग. वर्गात मोजकीच माणसं. शिक्षक एक वाक्य म्हणतात आणि प्रत्येकाने ते फिरवून दाखवायचं: निनासोमा, निलिसोमा, नितासोमा, सिसोमी. म्हणजे वाचतो, वाचलं, वाचीन, वाचत नाही. हे त्याला घडाघडा येतं, वहीत एक चूक नसते. जेवणाच्या टेबलावर इंग्रजी बंद. तिथे पोलंडची एक सिस्टर आणि दोन कोरियन ब्रदर हातवारे करत, चुकतमाकत सगळं मागून घेतात. आमचे साहेब मीठ हवं असलं तरी तोंड उघडत नाहीत, उठून स्वतः आणतात.

त्याची दोन कारणं असावीत. पहिल्याच आठवड्यात त्याने शाळेच्या ड्रायव्हरला आपल्या सवयीने "दादा" अशी हाक मारली. स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण. दाढीमिशीवाला माणूस, सगळं अंगण हसलं. मग एका रविवारी लांबच्या वस्तीवर मिस्सेला जायचं होतं. गाडी "सा म्बिली"ला निघेल असं सांगितलं होतं. म्बिली म्हणजे दोन, म्हणून हा दुपारी दोनच्या ठोक्याला पांढरा झगा घालून फाटकाशी हजर. गाडी सकाळी आठलाच गेलेली. तेव्हापासून वर्गाबाहेर तो गप्पच असतो.

आता माझे प्रश्न. मम्मी त्याला रोज रात्री साडेनऊला फोन करते. तिथे तेव्हा संध्याकाळचे सात. तासभर कादोडीत गप्पा, कुणाचं लग्न ठरलं, कुणाची वाडी विकली. पप्पांचं म्हणणं, याच्यामुळेच त्याचं तिकडे मन लागत नाही, फोन रविवारपुरता ठेवा. यावरून घरात रोज खटके उडतात. तुमचं काय मत? आणि मराठीतून स्वाहिली शिकायला काही आहे का? मला थोडी आली तर निदान त्याच्याशी सराव करता येईल.

(धर्मप्रचार चांगला की वाईट यावर भांडायला इथे दुसरे धागे आहेत. कृपया तिकडे जावे.)

प्रतिसाद: दारेसलामकर

नोकरीनिमित्त बरीच वर्षं इथे आहे. ब्रदरना सांगा, दादा म्हणून कुणीतरी फसतंच. वर "काका" म्हणजे भाऊ, तेही ध्यानात ठेवा.

घड्याळाचं गणित सोपं आहे. इथला दिवस सूर्य उगवला की सुरू होतो, म्हणजे आपले सकाळचे सात तो त्यांचा पहिला तास. काटे असलेलं घड्याळ घ्यायचं आणि तास काट्याच्या बरोबर समोरचा आकडा वाचायचा. काटा आठवर असेल तर समोर दोन, झालं सा म्बिली. काटा सातवर असेल तर समोर एक, सा मोजा. मोबाइलचं घड्याळ यात कामाचं नाही, साधं मनगटी घड्याळ पाठवा.

दुसरं, क्रियापदं जरा बाजूला ठेवू दे. इथे कामाचं बोलणं थेट काढलं की माणूस उर्मट ठरतो. आधी सकाळची खुशाली, मग घरची, मग कामाची, मग प्रवासाची. हबारी झा आसुबुही, हबारी झा न्युम्बानी, हबारी झा काझी. उत्तर बहुतेक वेळा "न्झुरी", म्हणजे छान. वडीलधारं कुणी भेटलं की आधी आपण "शिकामो" म्हणायचं, ते "मारहाबा" म्हणतात. एवढ्यावर पाच मिनिटं आरामात निघतात आणि समोरचा माणूस खूश होतो. भाषाशाळेत स्वयंपाकघर असणारच. वर्ग सुटला की तिथे जाऊन कांदे चिरायला बसायचं. कांदा-टोमॅटोच्या कोशिंबिरीला इथे कचुंबारी म्हणतात, तिथूनच सुरुवात करू दे. चाय, चपाती, पेसा, दुका (दुकान), गारी (गाडी), बिमा (विमा) हे शब्द तर त्याला येतातच.

आणि एक. सरोवराकाठच्या म्वान्झा शहराच्या बाजूला घराघरात सुकुमा बोलतात. तिथल्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांचीही स्वाहिली दुसरीच भाषा आहे. त्यांच्यासमोर लाजायचं काय?

प्रतिसाद: व्याकरणवेडा

मराठीतून शिकायचं पुस्तक माझ्या पाहण्यात नाही. डुओलिंगोवर इंग्रजीतून स्वाहिली आहे, तुम्हाला सुरुवातीला पुरेल. कान तयार करायला बीबीसी आणि डॉइशे वेले या दोघांच्या स्वाहिली बातम्या नेटवर ऐका.

मराठी माणसाला खरी अडचण येते ती एका ठिकाणी. आपल्याकडे शब्दाचं शेपूट बदलतं, तिथे डोकं बदलतं. चांगला मुलगा, चांगली मुलं. तिथे म्तोतो म्झुरी, वातोतो वाझुरी. नामांचे असे बरेच गट आहेत आणि विशेषण, क्रियापद, सगळ्यांना त्या गटाची टोपी घालावी लागते. गंमत म्हणजे अरबीतून आलेल्या किताबचं त्यांनी किताबू केलं, सुरुवातीला "कि" दिसला म्हणून त्याला कि-गटात बसवलं, आणि अनेकवचन केलं विताबू! तुमचा भाऊ तक्ते पाठ करत असणार. त्यापेक्षा दोन-दोन शब्दांच्या जोड्या तोंडात बसवायला सांगा.

उच्चारात मात्र आपण नशीबवान. गाय म्हणजे ङोंबे. इंग्रज या ङ-पाशी अडखळतो, आपण तो बाराखडीच्या तक्त्यात रोज पाहिलाय, फक्त वापरला नाही. ताण जवळजवळ नेहमी शेवटून दुसऱ्या अक्षरावर.

प्रतिसाद: निर्मळची

ताई, मीही वसईचीच. आमचे एक काका गुजरातेत मिशनवर होते. तेव्हा पत्रंच असायची, तीही उशिराने. म्हणून त्यांना गुजराती लवकर आली असं काही नाही. तेही सुरुवातीला असेच घुमे झाले होते, असं आजी सांगायची. तेव्हा पप्पांचं म्हणणं मला पटत नाही. फोन बंद केलात तर तो आणखी मिटेल.

पण वेळ बदला. संध्याकाळी सात म्हणजे सगळी जेवणाआधी अंगणात, टीव्हीपुढे, बातम्यांपुढे बसायची वेळ. पुस्तकाबाहेरचं बोलणं नेमकं तेव्हा चालतं, आणि नेमका तेव्हाच हा खोलीत दार लावून कादोडी बोलतो. त्यापेक्षा वसईत सकाळी आठला करा. तिथे साडेपाच, मिस्सेच्या आधी. दहा मिनिटं बोलायचं आणि ठेवायचं.

शिवाय मिस्सा हीच त्याची शाळा. प्रार्थना त्याला मराठीत तोंडपाठ आहेत, अर्थ शोधावा लागत नाही. "बाबा येतू उलिये म्बिंगुनी" म्हटलं की "आमच्या स्वर्गातील बापा" आपोआप समोर येतं. चारचौघांबरोबर एका सुरात म्हणायचं, त्यामुळे एकट्याची चूक ऐकूही येत नाही. आणि वाटेत मुलं "तुमसिफू येसू क्रिस्तो" (येसू ख्रिस्ताची स्तुती करूया) म्हणतील, त्यांना "मिलेले आमिना" (सदासर्वकाळ, आमेन) म्हणायला काय लागतं?

प्रतिसाद: जुनी पानं

थोडं अवांतर, पण धाग्याच्या विषयाचा नाशिकशी जुना संबंध आहे म्हणून राहवत नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी आरमाराने अरबी गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईला उतरवली जायची. त्यातली काही नाशिकजवळच्या शरणपूरला, चर्च मिशनरी सोसायटीच्या आश्रमात वाढली. १८६४ मध्ये त्यांच्यातले काही जण पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या मोंबासाकडे मिशनच्या कामाला गेले. पुढच्या वर्षी आफ्रिकेत फिरणारा प्रवासी आणि मिशनरी लिव्हिंग्स्टन मुंबईत आला, तेव्हा त्यानेही नाशिकची काही मुलं बरोबर नेली. नंतर मदतीला गेलेल्या तुकडीतला जेकब वेनराइटही नाशिकचाच. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन वारला तेव्हा ज्या झाडाखाली त्याचं हृदय पुरलं त्या झाडावर अक्षरं कोरली ती जेकबने, आणि शव घेऊन तो लंडनपर्यंत गेला. १८७५ मध्ये मोंबासाजवळ सुटका झालेल्या गुलामांची वसाहत वसली, तिला नाव दिलं फ्रीअर टाउन. हा फ्रीअर म्हणजे मुंबईचा माजी गव्हर्नर.

म्हणजे महाराष्ट्रातून त्या किनाऱ्यावर मिशनला गेलेला तुमचा भाऊ पहिला नव्हे. त्याला हे सांगा, करमणूक होईल.

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. फोन आता सकाळी आठला असतो. पप्पा कुरकुरतात, पण गप्प आहेत. मनगटी घड्याळ घेतलंय. तिकडे जाणारे एक फादर आहेत, त्यांच्या सामानात देणार.

मम्मीने हा धागा माझ्याकडून वाचून घेतला आणि परवा फोन लागल्या लागल्या मुलालाच "शिकामो" म्हणाली! तो एवढा हसला की मला स्वयंपाकघरात ऐकू आलं. मग "अगं, ते मी तुला म्हणायचं, तू मला नाही" यावर त्याने तिचा सबंध तास घेतला. दहा मिनिटांचा नियम तिथेच मोडला. कांदे चिरायला बसतो म्हणाला. ङोंबे मात्र आमच्या घरात कुणालाच जमत नाहीये.

आता मम्मीला "जेवलास का?" हवंय. दारेसलामकर, सांगाल का?

प्रतिसाद: दारेसलामकर

"उमेकुला?" ताण "कु"वर, आणि शेवटी सूर वर न्यायचा. जेवला असेल तर "न्दियो, निमेकुला" म्हणेल. पण सकाळी साडेपाचला विचारू नका म्हणावं, तेव्हा कुणी जेवलेलं नसतं.